आचाऱ्यांचा र



महिन्याभरापूर्वी तुमचे विद्यार्थी प्रतिनिधी या बक्षीस समारंभाचे निमंत्रण घेऊन माझ्याकडे आले. चहा झाला. निघताना त्यांच्यातल्या एका मुलीने दारात थांबून विचारले, "सर, असं एखादं क्षेत्र सांगा ना, की जे एआयमुळे जाणार नाही." ती बीसीए करते आहे. भाऊ मोठा आहे आणि गेले सात महिने घरी बसला आहे, हेही तिने सांगितले. मी तेव्हा काहीच बोललो नाही, कारण दोन वाक्यांत देण्यासारखे उत्तर नव्हते. आज तिला उत्तर द्यायला आलो आहे.

मी जुळारी होतो. तुमच्यापैकी अनेकांनी हा शब्द ऐकलेलाही नसेल. छापखान्यात शिशाचे खिळे असायचे, एका खिळ्यावर एक अक्षर. समोर लाकडी केस, तिच्यात छोटे छोटे खण. डाव्या हातात स्टिक धरायची आणि उजव्या हाताने खिळे उचलून ओळ लावायची. इंग्रजीला खण थोडे पुरतात. मराठीला क वेगळा, अर्धा क वेगळा, क्ष वेगळा, वेलांट्या, मात्रा, रफार सगळे वेगळे. कित्येक शे खण, आणि हात न बघता तिथे गेला पाहिजे. अक्षर खिळ्यावर उलटे असते, त्यामुळे आम्ही ओळ आरशात दिसावी तशी वाचायचो. छापून झाले की मॅटर सोडायचे, म्हणजे प्रत्येक खिळा परत आपापल्या खणात.

१९७८ साली दहावी झालो आणि पुण्यात पेठेतल्या एका छापखान्यात लागलो. पहिले वर्ष फक्त मॅटर सोडण्यात गेले. आमच्यात एक वडीलधारे जुळारी होते, त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. अण्णा सांगायचे, "आधी सोडायला शीक. खिळा कुठून येतो ते कळलं की लावायला वेळ लागत नाही."

१९९१ साली मालकांनी खिळ्यांचे काम बंद केले. मी तेव्हा तीस वर्षांचा होतो, घरात दोन लहान मुले. मालकांना मी दोष देत नाही. गिऱ्हाईकच येईना, सगळे संगणकावर जुळणी करून ऑफसेटवर छापून घेऊ लागले होते. पण त्या दिवशीचे एक दृश्य डोळ्यांसमोरून जात नाही. भंगारवाला काटा घेऊन आला. आम्ही केसेस गोणपाटावर उपड्या केल्या. तेरा वर्षे जो ग ग च्या खणात टाकला, जो घ घ च्या खणात टाकला, ते सगळे एका पोत्यात गेले. शिसे किलोवर गेले. अण्णा पायरीवर बसले होते. ते आत आले नाहीत.

आम्ही अकरा जण होतो. त्यांतले तिघे संगणकावर आलो. एक जण बाइंडिंगमध्ये गेला, दोघे गावी परतले, एकाने रिक्षा घेतली, बाकीचे कुठे सोसायटीत, कुठे गोदामात वॉचमन झाले. हे मी मुद्दाम सांगतो आहे. स्टेजवर बोलावतात ते तरून गेलेल्याला, आणि मग ऐकणाऱ्याला वाटते की जो राहिला तो आळशी असणार. आमच्यातला सगळ्यांत हुशार जुळारी वॉचमन झाला. त्याची मान आखडलेली होती, डोळे कमजोर झाले होते, मुलीचे लग्न तोंडावर होते. सहा महिने बिनपगारी बसून शिकणे त्याला शक्य नव्हते. एवढेच कारण.

मला शक्य झाले, तेही माझ्या कर्तबगारीने नाही. माझी पत्नी घरी फर्म्यांना घडी घालायचे काम आणायची. छापलेले मोठे कागद बाइंडरकडून यायचे, ती रात्री हाडाच्या पट्टीने घडी घालायची, मुले झोपलेली असायची. आठ महिने आमची चूल त्या पट्टीवर पेटली. ती आज इथे पहिल्या रांगेत बसली आहे. म्हणून मुलांनो, करिअरबद्दल मला पहिली गोष्ट सांगायची आहे ती पैशांची. पहिला पगार हातात आला की सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम साठेपर्यंत नवा फोन घेऊ नका, गाडीचा हप्ता लावून घेऊ नका. ती रक्कम बँकेत असली तरच उद्या तुम्ही कमी पगारावर नव्या जागी शिकायला बसू शकाल. नाहीतर नवीन काय ते दिसत असते, पण तिकडे जाता येत नाही.

त्या आठ महिन्यांत मी एका डीटीपी सेंटरमध्ये जात होतो. तिथला ऑपरेटर एकोणीस वर्षांचा होता. त्याची बोटे कीबोर्डवर अशी पळायची की बघत राहावे. मी एकेक अक्षर शोधत बसायचो. त्याला मी "अहो" म्हणायचो, तो मला "काका" म्हणायचा. रोज रात्री घरी पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून त्यावर बोटे चालवायचो.

एके दिवशी एका संस्थेचा अहवाल आला होता. जेवणावळीचा खर्च होता, त्यात 'आचाऱ्यांचे मानधन' असे हवे होते. स्क्रीनवर उमटले 'आचार्यांचे मानधन'. आचारी स्वयंपाक करतो, आचार्य शिकवतात. आपल्या मराठीत या दोन र्‍यांचा उच्चार वेगळा आणि लिहिणेही वेगळे. दऱ्या, वाऱ्यावर, सुऱ्या यांतला तो आडवा, चंद्रकोरीसारखा र हिंदीत लागत नाही, म्हणून हिंदीसाठी केलेला जो फाँट आम्ही वापरत होतो त्यात तो नव्हताच. मुलाच्या ते लक्षातही आले नाही; त्याने कधी तो खिळा उचललेला नव्हता. माझ्या हाताला मात्र त्या खिळ्याचा खण ठाऊक होता. मी म्हटले, "हे असं जाऊ द्यायचं नाही." आम्ही दोघांनी संध्याकाळपर्यंत बसून दुसऱ्या फाँटमधून तो र आणून बसवला. दुसऱ्या दिवशी सेंटरचे मालक म्हणाले, काका, टायपिंग राहू द्या, तुम्ही सगळी पाने शेवटी बघत जा. तिथून मला पगार सुरू झाला.

यात काय घडले ते मला फार उशिरा कळले. मी समजत होतो माझे काम खिळे लावणे आहे. ते माझे अवजार होते. माझे काम मराठी ओळ बिनचूक आणि देखणी लावणे हे होते, आणि ते अण्णांनी मला मॅटर सोडायला लावून शिकवले होते. मुली, तुझ्या प्रश्नाचे माझे उत्तर इथे आहे. तू आज जी भाषा, जे सॉफ्टवेअर शिकते आहेस, ते पाच वर्षांत पोत्यात जाईल असे धरूनच शीक. पण ते शिकताना त्याच्या खाली काय आहे ते बघ. बँकेचा प्रोग्राम लिहिलास तर बँकेचा हिशेब कसा चालतो ते काउंटरमागच्या माणसाला जाऊन विचार. चूक कुठे होते, का होते, कुणाचे नुकसान होते, हे ज्याला माहीत असते त्याला नव्या यंत्रापाशीही बोलावले जाते.

मी बेकार असताना अण्णांकडे जाऊन यंत्राला खूप बोल लावायचो. एकदा ते म्हणाले, "आपण कुणाच्या जागेवर बसलो होतो ते आठव." मग त्यांनी मला लहियांबद्दल सांगितले. पोथ्या हाताने लिहून पोट भरणारी माणसे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली शिळाप्रेसवर पंचांग छापले. शाईत चरबी असेल म्हणून सोवळ्यातली मंडळी छापील पोथीला शिवत नसत, तेव्हा शाईत तूप वापरले, असे सांगतात. पुढे लोकांचा विटाळ गेला आणि लहियांचे काम गेले. त्या काळात अमेरिकन मिशनच्या छापखान्यात एक लहान मुलगा खिळे घासायच्या कामाला होता, जावजी दादाजी. खिळा हातात घेऊन घेऊन त्याला तो आतून कळला. १८६९ साली त्याच जावजींनी निर्णयसागर छापखाना काढला, आणि त्याच्या संस्कृत ग्रंथांच्या शुद्ध छपाईचे नाव देशभर झाले. अण्णांना हे सगळे तोंडपाठ होते. आपल्या धंद्याचा इतिहास ठाऊक असणे हा मोठा आधार असतो. बदल फक्त आपल्याच नशिबी आला असे मग वाटत नाही.

नंतर माझ्यावर आणखी एकदा हीच वेळ आली. आमच्या जुन्या फाँटमध्ये मराठी अक्षरे आतून इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असायची. फाँट काढला की सगळा मजकूर निरर्थक. युनिकोड आले आणि प्रत्येक मराठी अक्षराला त्याचा स्वतःचा क्रमांक मिळाला. आमच्या हजारो पानांच्या फाइली एका फटक्यात जुन्या झाल्या. पण या वेळी मी घाबरलो नाही, लवकर गेलो. जुनी पुस्तके युनिकोडमध्ये आणायचे काम घेतले, कारण रूपांतरात ती अक्षरे नेमकी कुठे मोडतात ते मला ठाऊक होते. आणि तो आचाऱ्यांचा र? युनिकोडमध्ये खाली टिंब असलेला र घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा, पुढे य लावायचा. २००९ साली शासनाने मराठी वर्णमालेचा निर्णय काढला, तेव्हा आपल्या वळणाचा ल आणि श कसा काढायचा हेही ठरवून दिले. तो कागद मी घरी तीनदा वाचला.

तुमच्या वाट्याला हे बदल माझ्यापेक्षा लवकर लवकर येतील, असे मला वाटते. मला दोन बदलांमध्ये दम खायला वर्षे मिळाली, तुम्हाला कदाचित तेवढी मिळणार नाहीत. त्याची मला काळजी वाटते आणि ती मी लपवत नाही. घरी बसलेल्या त्या भावाला माझा निरोप सांगा. त्याने शनिवारी माझ्याकडे यावे. एका जुन्या कोशाची पाने सध्या यंत्र वाचून देते आहे, आणि यंत्राने चुकवलेले शब्द गोळा करून त्यांची वर्गवारी लावायला मला माणूस हवा आहे. मानधन थोडे आहे. पण शेजारी बसवून शिकवीन.

त्या दिवशी भंगारवाल्याचे पोते पायरीवरून जाताना अण्णांनी त्यातून एक खिळा उचलून माझ्या हातावर ठेवला होता. तो मी आज आणला आहे. बक्षीस समारंभ झाला की या टेबलावर ठेवतो. ज्यांना बघायचा असेल त्यांनी हातात घेऊन बघा. ऱ्या आहे. उलटा वाचावा लागेल.