स्वभाव की वळण?

(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीतील भाषण)



संक्रांत महिन्यावर आली. हळदीकुंकवाची वर्गणी किती, वाण काय द्यायचं, हे गटागटांत सुरू झालंय. म्हणून आजच एक विषय मांडते.

हळदीकुंकवाला आपल्यातल्या काही जणी येतच नाहीत. आल्या तरी भिंतीकडेला बसतात. विचारलं तर म्हणतात, "मी आपली इथंच बरी. माझा स्वभावच तसा." पण तीच बाई नवरा असताना पुढं बसून उखाणा घेत होती. मग एका दिवसात स्वभाव कसा बदलला?

स्वभाव नाही बदलला. तिला तसं शिकवलं गेलं होतं. लहानपणी तिनं बघितलं, ओवाळायची वेळ झाली की विधवा आत्या आत निघून जाते. लग्नात हळद लावायला कुणाला हाक मारतात, कुणाला नाही, तेही बघितलं. तोंडानं कुणी सांगितलं नाही, तरी ती शिकली. स्वतःवर वेळ आली तेव्हा आपोआप मागं सरकली. समाजकार्याच्या पुस्तकात याला सामाजिकीकरण म्हणतात. आपल्या बोलीत, वळण. पदर कुणापुढं घ्यायचा, कधी जेवायचं, किती बोलायचं, सगळं वळणातून येतं. ते इतकं अंगात मुरतं की 'मी अशीच आहे' असं वाटायला लागतं.

यात नुकसान कुणाचं? हळदीकुंकवात मागं बसणारी बैठकीतही मागंच बसते. कर्जाची मागणी सगळ्यांत शेवटी करते. अध्यक्ष, सचिव निवडताना तिचं नाव कुणी सुचवत नाही. खरं तर एकटीनं घर चालवणारी तीच, गरज तिलाच जास्त.

बांगड्या फोडायला, कुंकू पुसायला बहुतेक वेळा बायकाच पुढं असतात. त्यांना दोष द्यायला मी उभी नाही. त्यांनाही तेच वळण लागलं. पण जे लावलेलं असतं, ते बदलताही येतं.

कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यात हेरवाड गाव आहे. मे २०२२ मध्ये, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षी, तिथल्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य शासनानं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं.

ठराव कागदावर राहतो. करंडा आपल्या हातात असतो. म्हणून माझी विनंती तीन गोष्टींची.

एक, हळदीकुंकवाचं आमंत्रण एकल महिलांना दोघी-तिघींनी घरी जाऊन द्यावं. निरोप धाडू नये.

दोन, कुणाला कुंकू नको असेल तर जबरदस्ती नको. सासू, दीर काय म्हणतील ही भीती तिलाच सोसायची असते. पण वाण, तिळगूळ आणि पुढची जागा तिला मिळालीच पाहिजे.

तीन, गटातल्या कुणाच्या घरी असा प्रसंग आला, तर त्याच दिवशी चार जणींनी जावं, तिच्याजवळ बसावं आणि घरच्यांशी शांतपणे बोलावं.

आपल्या मुली आज आपल्याकडं बघून शिकतायत. विषय इतिवृत्तात घेऊ या. सूचक कोण, अनुमोदक कोण, तेवढं सांगा.