थांबणारा सारथी

(महोत्सवाच्या सप्ताहांत धर्मग्रामांतील मंडळीपुढें केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं ज्यांनीं देऊळ उभारलें, शाळा काढिली, द्रव्यसाह्य केलें, त्यांचीं नांवें घेण्याची चाल आहे. व तीं नांवें आपण उचित आदरानें घेतलींच आहेत. आज मला ज्या गृहस्थांविषयीं बोलावयाचें आहे, त्यांचें नांव कोणत्याही शिळेवर नाहीं. देवळांतील त्यांची जागा वर्षांतील निम्म्याहून अधिक रविवारीं रिकामी असे. ते मालमोटारीचे चालक होते. आपल्या नेहमींच्या बोलण्यांत ट्रक-ड्रायव्हर. गेल्या पावसाळ्यांत ते प्रभूच्या घरीं गेले. ही हकीकत सांगण्याची अनुज्ञा त्यांच्या पत्नीनें मला दिली आहे. मात्र नांव घेऊं नये अशी अट घातली आहे, ती मी पाळीत आहें.

आपला भंडारा जिल्हा रस्त्याच्या कांठीं वाढला. नागपुराहून निघून भंडारा, लाखनी, साकोली असा रायपुराकडे जाणारा जो हमरस्ता, त्यास पूर्वीं ग्रेट ईस्टर्न रोड म्हणत. पुढें तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ झाला व आज त्याचा क्रमांक ५३ आहे. तुमसरचा तांदूळ, चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीज, रानांतील तेंदूपान, यांतील कोणतीही वस्तु आपल्या पायांनीं बाजारास जात नाहीं. आपल्या ताटांतील मीठही कोणीतरी रात्र जागून आणिलेलें असतें. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानें चालकाचा दिवस ८ तासांचा व आठवडा ४८ तासांचा ठरविला. मालाच्या घाईपुढें तो कायदा रस्त्यावर कितपत टिकला, हें ज्याच्या घरीं ड्रायव्हर आहे त्यास विचारावें.

अशा रस्त्यावर या गृहस्थांनीं चौतीस वर्षें काढिलीं. महिन्यांतून पांच-सहा दिवस घरीं. मुलांचीं आजारपणें, परीक्षा, पहिला कम्युनियन, सर्व कांहीं बहुधा त्यांच्या माघारीं झालें. अशा पुरुषास कुटुंबवत्सल कसें म्हणावें, असें कोणी विचारील. त्यांना स्वतःलाही तें ठाऊक होतें. घरीं आल्यावर ते कधींही हुकूम सोडीत नसत. शेजाऱ्यांनीं कशाविषयीं मत विचारिलें तर पत्नीकडे बोट दाखवून म्हणत, "घरची गाडी तीच चालवते. घरी मी क्लीनर." आणि खरोखरच क्लीनराप्रमाणें पाणी भरीत, लांकडें फोडीत, मुलांच्या वहाणा शिवून आणीत. पगार मोडल्यावांचून पत्नीच्या हातीं देत. निवृत्तीनंतरही पुष्कळ दिवस त्यांना पलंगावर झोंप येत नसे. अंगणांत फळी टाकून ते निजत.

आतां मूळ गोष्टीकडे येतों. तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. धानाची कापणी चालू होती. साकोलीकडून ते भरलेली गाडी घेऊन येत होते. दिवेलागणीची वेळ, बांध्यांकडील वाटेनें एक सायकलस्वार दिव्यावांचून एकदम रस्त्यावर आला आणि त्यास गाडीचा धक्का लागला. दोष कोणाचा हें ठरविणें न्यायालयाचें काम. पुढें न्यायालयानें चालकास निर्दोष ठरविलें. परंतु त्या क्षणीं समोर मोकळा रस्ता होता, अंधार पडत होता, घर तासाभरावर होतें, आणि शेजारीं बसलेला क्लीनर "चला, चला" म्हणून ओरडत होता.

त्यांनीं गाडी थांबविली.

शेतांतून माणसें धांवत आलीं. त्यांना खालीं ओढून लोकांनीं मारावयास सुरुवात केली. मार खातां खातां ते एकच वाक्य बोलत राहिले : "मले मांगून मारा, आंधी याले गाडीत घाला." शेवटीं कोणा वृद्धानें तें ऐकिलें. जखमी मनुष्यास गाडींत घालण्यांत आलें. रक्तानें भरलेल्या डोळ्यांनीं त्यांनीं स्वतः गाडी हांकिली, त्यास रुग्णालयांत पोंचविलें, व तेथून ते पोलीस ठाण्यांत जाऊन बसले.

तिसऱ्या दिवशीं तो मनुष्य वारला. मागें पत्नी व दोन लहान मुलें. विम्याची भरपाई कायद्यानें मिळावयाची होती व कालांतरानें मिळालीही. पण दाव्यास वर्षें लागलीं, आणि चुलीला वर्षें थांबतां येत नाहीं. तेव्हां आपल्या चालकाच्या घरून त्या घरीं दर महिन्यास तांदूळ जाऊं लागला. तेथील थोरला मुलगा कमावता होईपर्यंत, म्हणजे अकरा वर्षें, तो गेला. तो मापून पोत्यांत कोण भरी? त्यांची पत्नी. न्यायालयानें जें ऋण त्यांच्यावर लादलें नव्हतें, तें पतिपत्नींनीं मिळून फेडिलें, आणि दोघांनीं बाहेर चकार शब्द काढिला नाहीं.

येथें एक गोष्ट वगळली तर ही हकीकत खोटी होईल. त्यांचा वडील मुलगा त्या वर्षांत शाळेस दोन कोस पायीं जात असे. सायकल मागे, आणि पैसे नाहींत असें उत्तर मिळे. तो मला म्हणाला, "फादर, मी बाबांवर कितीएक वर्षें रागावलेलों होतों." वडिलांच्या दफनविधीस परगांवचा एक मध्यमवयीन मनुष्य आला, मूठभर माती टाकून बाजूस उभा राहिला, आणि आपण कोण हें त्यानें सांगितलें, तेव्हां या मुलास आपल्या सायकलीचा पत्ता लागला. बापाचा सद्गुण लेकरांना असा महाग पडतो. ती सायकल त्या मुलाच्या वांट्याची होती आणि ती त्यास न विचारतां दिली गेली. म्हणून या गृहस्थांची स्तुति करितांना त्यांच्या मुलांचेही आभार मानणें मला न्याय्य वाटतें.

लूकच्या शुभवर्तमानांतील चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण जाणतां. पण त्या शोमरोन्यानें त्या मनुष्यास जखमी केलें नव्हतें, व यरीहोच्या वाटेवर दगड घेतलेला जमावही नव्हता. आमच्या चालकाची परीक्षा याहून कठीण होती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें जखमीस उपचार मिळवून देणें हें चालकाचें कर्तव्य ठरविलें. मात्र जमावाच्या क्षोभामुळें तें अशक्य झाल्यास सवलतही ठेविली. पुढें नव्या न्यायसंहितेंत, अपघात करून न कळवितां पळणाऱ्यास १० वर्षांपर्यंत शिक्षेचें कलम आलें, तेव्हां जानेवारी २०२४ मध्यें देशभर ट्रकचालकांनीं चाकें थांबविलीं. त्यांचें म्हणणें एवढेंच होतें कीं, थांबलों तर जमाव जिवंत सोडणार नाहीं. १ जुलै २०२४ रोजीं संहिता अंमलांत आली, तेव्हां तें कलम बाजूस ठेवण्यांत आलें. मृताच्या कुटुंबाचा आक्रोश खरा, आणि चालकाचें भयही खरें. दोहोंच्या मधोमध जो जमाव उभा असतो, त्यांत परके लोक नसतात. आपलेच शेजारी असतात. कदाचित् आपणही असतों.

प्रियजनहो, ज्यास थांबावयाचें आहे त्यास थांबतां येईल असा रस्ता देणें आपल्या हातीं आहे. जखमीस साह्य करणाऱ्यास पोलिसांचा वा न्यायालयाचा त्रास होऊं नये म्हणून २०१६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें मार्गदर्शक नियमांस बळ दिलें व २०१९ च्या दुरुस्तीनें तें संरक्षण कायद्यांत आलें. तेव्हां भयाचें कारण सांगून दूर उभें राहणें आपणांस शोभणार नाहीं. महामार्गावर गर्दी दिसली तर आपल्यांतील तरुणांनीं प्रथम जखमीपाशीं जावें, आणि दुसरे दोघे चालकाभोंवतीं उभे राहावे, कोणाचा हात त्याच्यावर पडूं नये म्हणून. महोत्सवानिमित्त देवास कांहीं अर्पण करावयाचें असेल, तर एवढें करावें.

परमेश्वर आपल्या या दिवंगत बंधूच्या आत्म्यास चिरशांति देवो. त्या दुसऱ्या घरच्या मृतासही देवो. आणि आज रात्रीं जे चाकामागें जागे आहेत, त्यांस सुखरूप घरीं आणो. आमेन.