पोटच्या पोराकडे हक्कानं मागा



आईवडिलांना म्हातारपणी सांभाळणं ही मुलांची कायद्यानं ठरवलेली जबाबदारी आहे, हे आता बऱ्याच ज्येष्ठांना ठाऊक आहे. तरीही अर्ज करायची वेळ आली की पाय मागे येतो. ‘पोटच्या पोरावर केस करू? लोक काय म्हणतील?’ असं म्हणत माणसं रोजची गोळी दिवसाआड घेतात, शेजाऱ्याकडून उसने पैसे आणतात, पण प्रांत ऑफिसची पायरी चढत नाहीत. माझं आजचं बोलणं त्यांच्यासाठी आहे. लाज वाटायचीच असेल तर ती मुलांना वाटू द्या.

2007 साली संसदेनं आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा केला. स्वतःच्या कमाईत किंवा मालमत्तेत ज्यांचं भागत नाही, अशा आईवडिलांना सज्ञान मुलामुलींकडून खर्च मागता येतो. आजीआजोबांना नातवंडांकडूनही. अर्ज ऐकणारा अधिकारी प्रांताधिकाऱ्याच्या दर्जाचा किंवा त्याहून वरचा असतो. वकील लावावा लागत नाही. जाणं झेपत नसेल तर विश्वासातल्या माणसाला आपल्या वतीनं अर्ज करायला सांगता येतं. मुलांना नोटीस गेल्यापासून 90 दिवसांत निकाल द्यायचा असतो. अगदीच अडचण असली तर आणखी 30 दिवस. रक्कम जास्तीत जास्त महिना 10,000 रुपये. 2007 साली ठरलेला हा आकडा आजच्या औषधपाण्याला पुरत नाही, तो वाढायलाच हवा. फौजदारी न्यायालयाची वाटही आहे, तिथे अशी मर्यादा नाही. मात्र दोन्हींपैकी एकच वाट धरता येते.

‘मुलगी दिल्या घरची, तिच्याकडे कसं मागायचं?’ हाही प्रश्न नेहमी येतो. एका वडिलांनी कल्याणला डॉक्टर असलेल्या आपल्या विवाहित मुलीकडे पोटगी मागितली होती. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1987 मध्ये न्यायालयानं सांगितलं, की लग्न झालं तरी कमावत्या मुलीची जबाबदारी संपत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घर किंवा जमीन मुलाच्या नावावर करून द्यायची घाई करू नका. द्यायचीच असेल, तर ‘हा आम्हाला सांभाळील, आमच्या गरजा भागवील’ ही अट बक्षीसपत्रातच स्पष्ट लिहून घ्या. मुलानं पुढे अट मोडली, तर याच कायद्याच्या कलम 23 खाली ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. अट कागदावर नसली की सगळं अवघड होऊन बसतं. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशी अट होती हे दाखवावं लागेल असं म्हटलं. जानेवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईला तिची मालमत्ता परत देताना न्यायालयानं कायद्याचा उदार अर्थ लावला, पण तिथेही मुलानं सांभाळण्याची हमी लिहून दिलेली होती. नोंदणीच्या दिवशी मुलावर विश्वास असतोच, म्हणून कुणी अट घालत नाही. त्या दिवशी थोडं कठोर व्हा. सांभाळणाऱ्या मुलाला त्या ओळीचा काहीच त्रास नाही.

अर्ज कुठे आणि कसा करायचा, हे 14567 या ज्येष्ठांसाठीच्या मोफत हेल्पलाइनवर विचारता येईल. आणि तरुण श्रोत्यांनो, तुमच्या चाळीत, वाड्यात, सोसायटीत कुणी आजी किंवा आजोबा असे उपेक्षेत दिवस काढत असतील, तर त्यांच्या शेजारी बसून हा फोन तुम्ही लावून द्या.