पाळी कोणाची?



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले म्हणजे तो बोनसवर बोलणार, असा श्रोत्यांचा समज असतो. आज आम्ही महासंगणकावर बोलणार आहोत. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर. तरीही हे धाडस करतो, याचे कारण असे की महासंगणकाच्या पोटात जो प्रश्न आहे, तो आमच्या जुन्या ओळखीचा निघाला. गिरणीच्या दारात कामे थोडी आणि माणसे पुष्कळ. तिथे यंत्रे थोडी आणि कामे पुष्कळ. मग पाळी कोणाची?

महासंगणक म्हणजे एकच अवाढव्य यंत्र नव्हे. शेकडो संगणक कपाटांत रचून वेगवान तारांनी एकमेकांस जोडलेले असतात. त्यांतील एकेकाला नोड म्हणतात. पुण्यात १९८८ साली सीडॅक ही संस्था निघाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाला, तो याच कल्पनेवर. अनेक गणकांनी मिळून एक मोठे ओझे उचलायचे. आमच्या हमालांच्या टोळीसारखेच हे आहे, आणि टोळीची अडचणही तीच: एक गडी मागे राहिला की बाकीचे त्याच्यासाठी ताटकळतात. आठ नोड मागणाऱ्या कामाला पाच देऊन भागत नाही; आठही एकाच वेळी मोकळे व्हावे लागतात.

आज पुण्याच्या आयसर संस्थेत ‘परम ब्रह्म’ आहे. त्यावर कोणी औषधाचे रेणू तपासतो, कोणी धातूचे गुण. आमच्या एका कार्यकर्त्याचा मुलगा संशोधक आहे. त्याने या यंत्रावरील पाळी लावणाऱ्या कार्यक्रमाचे नाव सांगितले: स्लर्म. अमेरिकेतील लिव्हरमोर प्रयोगशाळेत तो प्रथम तयार झाला. त्याचे नियम छापील पुस्तिकेसारखे कोणालाही वाचता येतात. आम्ही शब्दकोश घेऊन ते वाचले, आणि खरे सांगायचे तर हेवा वाटला.

काम देणाऱ्याने आधी सांगायचे: नोड किती हवेत आणि वेळ किती लागेल. समजा दहा नोड आहेत. सात गुंतलेले असून ते सहा तासांनी सुटतील. रांगेत पहिल्या असलेल्याला आठ हवेत, म्हणून तो थांबला आहे. तीन नोड रिकामे आहेत. मागच्या एकाला तीनच नोड चार तासांसाठी हवे असतील, तर त्याला पुढे घेतात. तो वेळेत आटोपतो आणि पहिल्याचे काहीच जात नाही. पण तेच तीन नोड आठ तास मागणाऱ्याला मिळत नाहीत, कारण त्याच्यापायी पहिल्याची पाळी लांबते. आता कोणी म्हणेल, आपण वेळ कमी सांगून घुसू. सांगितलेला वेळ संपला की काम अर्धवट असले तरी यंत्र ते तोडून टाकते. आणि भीतीने जास्त वेळ सांगितला तर अशा फटीत शिरण्याची संधी जाते. खोटे बोलण्याचा दंड दोन्ही बाजूंनी बसतो, तोही मुकादम न नेमता!

दुसरा नियम वाट्याचा. ज्याने मागच्या दिवसांत यंत्र फार वापरले त्याचा क्रम खाली जातो; ज्याच्या वाट्याला थोडे आले तो वर चढतो. जुना वापर हळूहळू विसरलाही जातो. मात्र कोणत्या विभागाला किती वाटा, हे यंत्र ठरवत नाही. ते माणसे बसून ठरवतात. पुण्याच्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०२४ साली ‘अर्क’ हा महासंगणक हवामानाच्या कामासाठी आला. पेरणी होऊन गेल्यावर हाती पडलेले पावसाचे भाकीत काय कामाचे? तेव्हा अशा कामाला अग्रक्रम द्यावा लागतो, आणि त्याबद्दल आमच्या कापूसवाल्या शेतकऱ्याची तक्रार असणार नाही.

पण आम्हाला सर्वांत मोलाची वाटली ती निराळीच गोष्ट. काम थांबले असेल तर का थांबले, हे विचारता येते आणि रांगेच्या यादीत कारण लिहिलेले असते. नोड मोकळे नाहीत. तुमच्यापुढे अधिक अग्रक्रमाचे काम आहे. ज्या कामावर तुमचे अवलंबून ते पुरे झालेले नाही. सरकी निघाल्याखेरीज गाठ बांधता येत नाही, तसे हे शेवटचे कारण. आधीचे काम फसलेच असेल, तर ‘ही अट आता कधीच पुरी होणार नाही’ असेही स्पष्ट लिहिलेले सापडते. खानदेशातल्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा दारात उभ्या असलेल्या बदलीवाल्याला इतके स्पष्ट कोणी सांगितले नव्हते.

मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगाराची पाळी जॉबरच्या मर्जीवर असे. त्या मर्जीची किंमत दस्तुरीने मोजावी लागे, हे १९३१ च्या व्हिटले कमिशनच्या अहवालातही आले आहे. १९३५ पासून मुंबईत बदलीची कार्डे आली, रोज सकाळी हजर राहणाऱ्या कार्डवाल्यांतूनच जागा भरू लागल्या. गोदी कामगारांसाठी १९४८ चा कायदा झाला. नोंदणी झाली, पाळी फिरती झाली, आणि हजर राहूनही काम न मिळाल्यास हजेरीभत्ता मिळू लागला. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा आला. इथे यंत्राशी असलेले साम्य संपते. रांगेत थांबलेल्या गणिताला भूक लागत नाही. यंत्र रिकामे राहिलेले कोणत्याही मालकाला खपत नाही, म्हणून वर सांगितलेल्या सगळ्या युक्त्या. माणूस रिकामा उभा राहिला तर तो खर्च माणसाच्याच खात्यावर पडतो.

हे सगळे आज जळगाव-धुळ्यात का सांगतो? खांद्यावर पिशवी अडकवून मोटारसायकलवरून घरोघर जेवण पोहोचवणारी मुले तुम्ही पाहता. त्यांची पाळीही कार्यक्रमच लावतो, परंतु त्याचे नियम त्यांना वाचता येत नाहीत. ‘तीन तास फोन वाजला नाही, का?’ असे एक मुलगा आम्हाला विचारत होता. संशोधकाच्या गणिताला जे कारण मिळते ते या मुलाला मिळत नाही, आणि कार्यक्रमाला ते सांगता येत नाही अशातला भाग नाही. कर्नाटकाने २०२५ साली अशा कामगारांसाठी कायदा केला. काम वाटणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेची माहिती कामगाराला देण्याचे बंधन त्यात घातले आहे. आमची मागणी तेवढीच आहे, शिवाय थांबण्याच्या वेळेचा भत्ता.

त्यासाठी दोन्ही शहरांतील मुलांकडून आम्ही एका वहीत वेळा लिहून घेत आहोत: फोन केव्हा चालू केला, पहिले काम केव्हा आले, मधे किती तास गेले. हिशेब मांडण्यास शिकलेले हात हवे आहेत. ज्यांना सवड असेल त्यांनी सभा संपल्यावर दाराशी थांबावे. वही आमच्याजवळच आहे.