पंख्याविना उडणारा त्रिकोण आणि भंगारातला टीव्ही

मोबाइलवर बघून पोरं घरी एक प्रयोग करू पाहतात. हलक्या काड्यांचा त्रिकोण, वर बारीक तार, खाली फॉइलचा कागद. वीज जोडली की त्रिकोण पंख्याविना अधांतरी उचलला जातो.

यात जादू नाही. तारेजवळची हवा विजेनं भारते, फॉइलकडे धावते आणि जाता जाता बाकीची हवा खाली ढकलते. म्हणून त्रिकोण वर जातो. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेनं याच तत्त्वावर सुमारे अडीच किलोचं विमान ६० मीटर उडवलं. २०१८ साली ते जगापुढे आलं. अवकाशात हवा नसते, म्हणून आपल्या इस्रोनं २०१७ मध्ये जीसॅट-९ उपग्रहाच्या विजेच्या इंजिनासाठी झेनॉन वायू वापरला.

पण त्रिकोण उचलायला २०-३० हजार व्होल्ट लागतात. जालन्यात आपल्या शेतांवरून जाते ती लाइन ११ हजारांची! एवढ्या दाबासाठी पोरं भंगारातला जुना डबा टीव्ही उघडतात. प्लग काढला तरी त्याच्या काचेच्या नळीत वीज साठून राहू शकते. जिवावर बेतेल.

तेव्हा टीव्ही उघडू देऊ नका, पण लेकरांची जिज्ञासाही मारू नका. कोरड्या केसांवरून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो. तोही विजेचाच खेळ, पण बिनधोक. तो सोबत बसून करा. पुढचं विज्ञानाच्या शिक्षकांना विचारू द्या.

आणि घरात कुणाला शॉक बसलाच, तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद, मग १०८ ला फोन. रामराम!