मुळाला कळतं, आलं कोण ते

हरभऱ्याचं रोप हलक्या हातानं उपटलं की मुळांवर बारीक गाठी दिसतात. त्यांत राहणारे रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. पण त्याच मातीत मर रोगाची फ्युजेरियम बुरशीही असते. या दोघांतला फरक मुळाला कळतो कसा?

मुळाच्या पेशींच्या आवरणात ग्राही प्रथिनं असतात; त्यांचं एक टोक पेशीबाहेर, दुसरं आत. बुरशीच्या भित्तिकेत कायटिन असतं. वनस्पतीची विकरं त्याचे तुकडे पाडतात. हे तुकडे ग्राहीच्या बाहेरच्या टोकाला चिकटले की आत निरोप जातो, काही मिनिटांतच पेशीत कॅल्शियमची पातळी वाढते आणि बचावाची जनुकं कामाला लागतात.

खरं नवल पुढेच आहे. रायझोबियम जो संकेतरेणू सोडतो, त्याचा कणाही कायटिनसारखाच असतो! फक्त तो आखूड, आणि त्याला मेदाम्लाची शेपटी जोडलेली. डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठातल्या संशोधकांनी लोटस जापोनिकस या शेंगवर्गीय वनस्पतीत हा संकेत ओळखणारी ग्राही प्रथिनं शोधली. ते संशोधन २००३ साली प्रसिद्ध झालं. पुढे २०२० मध्ये त्यांनी कायटिन ओळखणाऱ्या ग्राहीचे काही छोटे भाग बदलून दाखवले, आणि त्या बदललेल्या ग्राहीच्या जोरावर मुळांवर गाठी धरल्या. मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो, कारण कायटिनचे ग्राही भातातही आहेत. तृणधान्यांनाही असे नत्र देणारे सोबती मिळवून देता येतील का, यावर आता काम सुरू आहे.