धर्माचे मूळ आणि धर्माचे मूल्य



धर्म माणसाच्या मनात कोठून आला आणि त्याचे मूल्य काय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची गल्लत केली की श्रद्धाळू कामगाराशी होणारा संवाद पहिल्याच वाक्याला तुटतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १९०२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत हा भेद स्पष्ट केला. एखादी श्रद्धा मज्जातंतूंच्या विकारातून उद्भवली, एवढ्यावरून ती टाकाऊ ठरत नाही. तिची पारख फळांवरून करावी, असे त्याचे प्रतिपादन होते. मात्र जेम्सने मुख्यतः एकांतातील व्यक्तीचा अनुभव पाहिला. ती व्यक्ती ज्या समाजात राबते, तो त्याच्या विवेचनाबाहेरच राहिला.

सिग्मंड फ्रॉईडने १९२७ साली वेगळे उत्तर दिले. असहाय बालकाला पित्याचा आधार हवा असतो. तसाच निसर्ग, नियती आणि मृत्यू यांपुढे असहाय ठरलेल्या प्रौढाला ईश्वररूपी पिता हवा असतो. म्हणून धर्म हा भ्रम होय. परंतु भ्रम म्हणजे इच्छेतून जन्मलेली समजूत, ती खोटीच असते असे नव्हे, हा खुलासाही त्यानेच केला. फ्रॉईडच्या नावाने श्रद्धाळूंची टवाळी करणारे नेमका हाच खुलासा विसरतात.

ही असहायता सर्वत्र सारखी नसते. मानववंशशास्त्रज्ञ मॅलिनोव्हस्कीने पॅसिफिक महासागरातील ट्रोब्रियांड बेटांवर पाहिलेली गोष्ट १९२५ साली मांडली. किनाऱ्यालगतच्या शांत पाण्यात मासेमारी निर्धोक होती आणि मासळी हमखास मिळे. तेथे मंत्रतंत्र नव्हते. खुल्या समुद्रात जिवाला धोका होता आणि मासळीचा भरवसा नव्हता. तेथे विधींचा सारा पसारा होता. माणसे तीच, बुद्धीही तीच. फरक होता तो अनिश्चिततेचा.

येथे मानसशास्त्राची मर्यादा दिसते. भीती मनात कशी रुजते, हे ते सांगते. ती पिढ्यान्‌पिढ्या का टिकते, हे समाजस्थितीच सांगू शकते. १८४४ साली मार्क्सने धर्माला अफू म्हटले, एवढेच पुष्कळांच्या लक्षात राहते. त्याच लेखात त्याने धर्मात खऱ्या दुःखाचा उद्गार आणि त्या दुःखाविरुद्धचा निषेधही पाहिला होता.

ज्याची नोकरी उद्या जाऊ शकते, आजारपण ज्याला कर्जात लोटते, त्याचा समुद्र अजून खुलाच आहे. त्याच्या देवाची थट्टा केल्याने ही अनिश्चितता तसूभरही कमी होत नाही. कार्यकर्त्याने त्याचे दुःख खरे मानावे, त्याची कारणे त्याच्यासह शोधावीत आणि ती दूर करण्याच्या लढ्यात त्याला बरोबरीचा सहकारी मानावे. श्रद्धेविषयीची चर्चा त्या सोबतीत अधिक मोकळेपणाने होईल.